चार दालनांची संसद

डिसेंबर १८६५. स्टॉकहोमच्या जुन्या भागातल्या एका भव्य इमारतीत चार दिवस भाषणं चालली होती आणि बाहेर थंडीत लोक ताटकळत उभे होते. इमारत उमरावांची. आत वाद असा की, जन्माने मिळालेली संसदेतली जागा उमरावांनी आपण होऊन सोडावी का? ७ डिसेंबरला मतं मोजली. बाजूने ३६१, विरोधात २९४. सदुसष्ट मतांच्या फरकाने एका वर्गाने स्वतःचा हक्क मोडीत काढला.

गंमत म्हणजे, पाद्री मंडळी या निकालाची वाट बघत थांबली होती. उमरावांनी होकार दिल्याचं कळलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी त्यांनीही होकार दिला. शहरातले व्यापारी आणि शेतकरी यांचं तर आधीच ठरलं होतं.

एकाच देशाची एकच संसद, मग यांनी त्यांची वाट का बघायची? कारण स्वीडनच्या या संसदेला, म्हणजे रिक्सदागला, सभागृहं होती चार. उमराव, पाद्री, नगरवासी आणि शेतकरी अशा चार वर्गांची ती संसद. प्रत्येकाची बैठक वेगळी, चर्चा वेगळी, मतदान वेगळं. एका वर्गाला दुसऱ्याशी बोलायचं असेल तर निवडक माणसांचं शिष्टमंडळ निरोप घेऊन जाई. चौघे एकत्र येत ते राजासमोर, समारंभापुरते.

याची मुळं परंपरेने १४३५ सालच्या आर्बोगा इथल्या सभेत शोधतात. पुढे १५२७ मध्ये गुस्ताव वासा या राजाने वेस्तेरोसला सभा भरवली आणि चर्चची मालमत्ता ताब्यात घ्यायला तिथून मंजुरी मिळवली. अशा कामात राजाला शेतकरी हाताशी हवे असत. उमराव आणि बिशप डोईजड झाले की त्यांच्यासमोर उभं करायला तिसरं, चौथं माणूस लागतंच. शिवाय कर भरणारे आणि सैन्यात जाणारे तेच. स्वीडनमध्ये पुष्कळ शेतकरी स्वतःच्या जमिनीचे मालक होते, वेठबिगारीत अडकलेले नव्हते, हेही महत्त्वाचं. १६१७ मध्ये या सभेची रीतसर नियमावली झाली आणि चार वर्ग पक्के झाले.

फ्रान्सची गोष्ट शाळेत सगळ्यांनी वाचलेली असते. तिथे वर्ग तीन, आणि शेतकरी तिसऱ्यात ढकललेला. १७८९ मध्ये त्या तिसऱ्या वर्गाच्या बाकांवर बसले होते मुख्यतः वकील आणि अधिकारी. त्याआधी ही सभा भरली होती १६१४ मध्ये, म्हणजे मध्ये पावणेदोनशे वर्षांचा खंड. स्वीडनमध्ये शेतकऱ्याचं स्वतःचं दालन होतं आणि सभा वरचेवर भरत होती. हा फरक मला मोठा वाटतो.

आता थोडं गणित करू. अठराव्या शतकात एखाद्या अधिवेशनात उमराव हजारापर्यंत जात, कारण प्रत्येक उमराव घराण्याच्या कर्त्या पुरुषाला जागा असे. पाद्री पन्नासेक, नगरवासी ऐंशी-नव्वद, शेतकरी दीडशेच्या आसपास. नेहमीच्या ठरावाला चारपैकी तीन वर्गांचा होकार पुरे. समजा उमराव १०००, पाद्री ५०, नगरवासी ९० आणि शेतकरी १५० आहेत. पाद्र्यांत २६, नगरवासीयांत ४६ आणि शेतकऱ्यांत ७६ जण बाजूने पडले, तर तिन्ही वर्गांत निसटतं बहुमत झालं. बेरीज १४८. एकूण सभासद १२९०. म्हणजे साडेअकरा टक्के लोकांच्या होकाराने ठराव मंजूर, आणि उरलेले ११४२ जण विरोधात असले तरी काही बिघडत नाही! माणसांऐवजी गट मोजायला लागलं की असं होतं. गटातल्या हरलेल्यांचं मत गटाच्या दारातच विरून जातं, बाहेर जातो तो एकच आवाज.

उमरावांच्या घरात तर वर्गात वर्ग होते. १६२६ च्या नियमाने त्यांचे तीन थर पाडले. वर काउंट आणि बॅरन, मध्ये राजाच्या मंत्र्यांच्या वंशातले, खाली उरलेले सगळे. मत थराला एक. खालच्या थरात माणसं सर्वांत जास्त, पण वरचे दोन थर एक झाले की त्यांचं काही चालत नसे. १७१९ मध्ये हे मोडलं, प्रत्येक घराण्याला एक मत मिळालं. पुढे गुस्ताव तिसरा या राजाने १७७८ मध्ये जुनी रीत परत आणली आणि १८०९ मध्ये ती पुन्हा गेली. राजाला कुठली मोजणी सोयीची, त्यावर हे पारडं हलत होतं.

उमरावांची ती इमारत, रिद्दारहूसेत, आजही स्टॉकहोममध्ये उभी आहे. मोठ्या दालनाच्या भिंती तांब्याच्या पत्र्यांनी खालपासून वरपर्यंत भरल्या आहेत. एका घराण्याचा एक पत्रा, त्यावर कुलचिन्ह आणि क्रमांक. असे तेवीसशेहून जास्त पत्रे आहेत. काउंटांच्या यादीत एक नंबर ब्राहे घराण्याचा. आपल्याकडे जुन्या वाड्यात वंशावळ टांगलेली असते, इथे अख्ख्या देशाच्या उमरावशाहीची वंशावळ एका खोलीत ठोकून ठेवली आहे. पण पत्रा भिंतीवर असला म्हणून खिशात पैसा असेलच असं नाही. अठराव्या शतकात गरीब उमराव आपल्या घराण्याच्या मताचं मुखत्यारपत्र दुसऱ्याला देत आणि त्याचे पैसे घेत. त्या काळात 'टोप्या' आणि 'हॅट' अशा नावांचे दोन पक्ष होते. हॅटवाल्यांना फ्रान्सकडून पैसा येई, टोपीवाल्यांना रशिया आणि ब्रिटनकडून. मतांच्या बाजाराला लोकशाहीची वाट बघावी लागली नव्हती.

१७१९ ते १७७२ या काळात राजा नामधारी होता आणि खरा कारभार रिक्सदागकडे. त्यातही सगळ्यांत वजनदार होती 'गुप्त समिती'. परराष्ट्र धोरण, युद्ध, पैसा या बाबी तिच्याकडे. तिच्यात ५० उमराव, २५ पाद्री, २५ नगरवासी, एकूण शंभर. शेतकरी? नाहीत. गुपितं त्यांना झेपणार नाहीत, असा एकूण समज. शेतकऱ्यांच्या वर्गाचा चिटणीससुद्धा त्यांच्यातला नसे. दालन त्यांचं, कागदपत्रं लिहिणारा दुसऱ्याचा.

बँकेचंही तसंच. १६६८ मध्ये या वर्गसभेच्या ताब्यात एक बँक आली आणि तिचं नावच 'राज्यातील वर्गांची बँक'. शेतकरी तिच्या कारभारात आले ते थेट १८०० मध्ये. हीच पुढे स्वीडनची मध्यवर्ती बँक झाली आणि जगातली सर्वांत जुनी मध्यवर्ती बँक म्हणून ती ओळखली जाते. १९६८ मध्ये तिला तीनशे वर्षं झाली म्हणून तिने अर्थशास्त्राचं पारितोषिक सुरू केलं, ज्याला आपण सरसकट अर्थशास्त्राचं नोबेल म्हणतो. २०१९ मध्ये ते मुंबईत जन्मलेल्या अभिजित विनायक बॅनर्जींना विभागून मिळालं. त्यांची आई माहेरची पाटणकर.

या विचित्र संसदेने एक काम मात्र असं केलं की त्यासाठी तिला शंभर गुन्हे माफ करावेत. २ डिसेंबर १७६६ रोजी तिने मुद्रणस्वातंत्र्याचा कायदा केला. छापण्याआधीची सेन्सॉरशिप, धर्मविषयक लिखाण वगळता, उठवली. शिवाय सरकारी कागदपत्रं पाहण्याचा आणि छापण्याचा हक्क लोकांना दिला. आपल्याकडे माहिती अधिकाराचा केंद्रीय कायदा २००५ चा, त्याच्या २३९ वर्षं आधीची ही गोष्ट. या कायद्यामागे धडपडणारा अँडर्स शिडेनियस हा फिनलंडच्या किनारपट्टीवरच्या एका लहान गावातला पाद्री (फिनलंड तेव्हा स्वीडनचाच भाग होता). त्याच वर्षी त्याने चलनाच्या प्रश्नावर एक पुस्तिका काढली आणि संसदेने घेतलेल्या निर्णयावरच टीका केली. त्याच्याच वर्गाने त्याला सभेतून काढून टाकलं. कायदा झाला तेव्हा तो दालनात नव्हता.

एकोणिसाव्या शतकात या चार कप्प्यांत न बसणारी माणसं वाढत गेली. कारखानदार कुठल्या वर्गात? डॉक्टर, प्राध्यापक कुठल्या? मग ठिगळं लागायला लागली. १८२३ मध्ये विद्यापीठांच्या प्रतिनिधींना पाद्र्यांच्या वर्गात बसवलं. १८४१ मध्ये विज्ञान अकादमीलाही तिथेच जागा दिली. रसायनशास्त्राचा अभ्यासक बिशपांच्या रांगेत! आणि शेतमजूर, कूळ, नोकर, कामगार यांना तर ठिगळातही जागा नव्हती. उमरावांची जमीन कसणारा शेतकरीसुद्धा 'शेतकरी' वर्गात मोजला जात नव्हता.

शेवटी न्यायमंत्री लुई दे येर याने, जो स्वतः उमराव होता, दोन सभागृहांची योजना मांडली आणि डिसेंबर १८६५ चं ते मतदान झालं. जून १८६६ मध्ये चार वर्गांची सभा कायमची उठली. लोकांनी जल्लोष केला. पण जन्म गेला आणि त्या जागी पैसा आला, असंच म्हणावं लागेल. कनिष्ठ सभागृहासाठी मत द्यायला वर्षाला ८०० रिक्सदालर (स्वीडनचं तेव्हाचं चलन) उत्पन्न किंवा ठरावीक किमतीची मालमत्ता हवी. वरिष्ठ सभागृहात जायला उत्पन्न ४००० हवं. वरिष्ठ सभागृह निवडून येई जिल्हा परिषदांसारख्या मंडळांतून, आणि त्यांच्या मुळाशी गावपातळीवरची निवडणूक, जिथे कराच्या प्रमाणात मतं मिळत. जास्त कर, जास्त मतं, वरची मर्यादा नाही. १८७१ मध्ये ५४ गावं अशी होती की एकट्या माणसाकडे निम्म्याहून जास्त मतं होती. त्यातला एक आर्विद पोसे, जो पुढे पंतप्रधान झाला. निवडणुकीच्या दिवशी त्याने नुसता आरसा बघितला तरी निकाल कळला असता. जुन्या व्यवस्थेत निदान शेतकऱ्याचं एक दालन तरी ठरलेलं होतं.

इकडे फिनलंडमध्ये काय झालं ते जास्त मजेचं आहे. १८०९ मध्ये फिनलंड रशियाच्या झारकडे गेला, पण कायदे स्वीडनचेच राहिले, आणि त्यांच्याबरोबर चार वर्गांची सभाही. झार पहिला अलेक्झांडर याने १८०९ मध्ये पोर्वो गावी ती भरवली. नंतर ५४ वर्षं कोणी बोलावलीच नाही! १८६३ मध्ये दुसऱ्या अलेक्झांडरने ती पुन्हा सुरू केली. तीनच वर्षांनी मूळ देशाने, स्वीडनने, ही पद्धत मोडीत काढली आणि फिनलंडमध्ये मात्र ती आणखी चाळीस वर्षं चालली. उमरावांच्या घरात स्वीडिश ऐकू येई, शेतकऱ्यांच्या दालनात फिनिश. १८९१ मध्ये तर हेलसिंकीत पाद्री, नगरवासी आणि शेतकरी या तीन वर्गांसाठी खांब-कमानींची नवीकोरी इमारत उभी राहिली. उमराव त्यात आले नाहीत, त्यांचं स्वतःचं घर होतं.

मग १९०५ उजाडलं. रशिया जपानशी युद्ध हरला, साम्राज्यात सगळीकडे उठाव झाले, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस फिनलंडमध्ये सार्वत्रिक संप सुरू झाला. झार नमला. १९०६ मध्ये चारही वर्गांनी स्वतःचं विसर्जन मंजूर केलं आणि स्वीडनसारखा पैशाचा थांबा न घेता गाडी थेट शेवटच्या स्टेशनावर नेली. एकच सभागृह, २०० सदस्य, २४ वर्षांवरच्या स्त्री-पुरुषांना मत आणि उभं राहण्याचाही हक्क. मतदार साधारण दहापट झाले. १९०७ च्या निवडणुकीत १९ स्त्रिया निवडून आल्या. त्यांत मीना सिल्लानपॅ होती. लहानपणी कारखान्यात राबलेली, मग वर्षानुवर्षं लोकांच्या घरी मोलकरीण म्हणून काम केलेली. जुन्या चार दालनांपैकी एकाच्याही दारात तिला कोणी उभं केलं नसतं.

नवी संसद भरायची वेळ आली तेव्हा अडचण उभी राहिली ती जागेची. उमरावांचं घर होतं, तीन वर्गांची ती देखणी इमारत होती, पण सगळी दालनं एकेका वर्गाच्या मापाची. दोनशे माणसं एकत्र बसून बोलतील असं दालन त्यांत नव्हतं. म्हणून मे १९०७ मध्ये फिनलंडच्या पहिल्या लोकनियुक्त संसदेचं कामकाज सुरू झालं ते हेलसिंकीच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये.