निळी मोटार आणि समुद्री गोगलगाय

७ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हिएन्नातल्या एरिक कांडेल या ज्यू मुलाला नवव्या वाढदिवसानिमित्त खेळण्यातली चकचकीत निळी मोटार मिळाली. दोनच दिवसांनी, ज्या रात्री जर्मनी आणि ऑस्ट्रियात ज्यूंची प्रार्थनास्थळे जाळली गेली, त्या रात्री नाझी पोलिसांनी दार ठोठावून कांडेल कुटुंबाला घराबाहेर काढले. काही दिवसांनी ते परतले, तेव्हा घरातल्या मौल्यवान वस्तूंबरोबर ती मोटारही गेलेली होती. एप्रिल १९३९ मध्ये एरिक आणि त्याचा थोरला भाऊ आईवडिलांविना अमेरिकेला निघाले. आईवडील काही महिन्यांनी पोहोचले. ऑस्ट्रियातील सुमारे ६५,००० ज्यू मात्र नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारातून वाचू शकले नाहीत.

दारावरची ती थाप कांडेल यांना म्हातारपणीही स्पष्ट आठवत असे, आणि स्मृतीच्या अभ्यासाकडे आपण वळलो त्याचे मूळ ते व्हिएन्नातल्या त्या वर्षातच शोधत. त्यांनी अभ्यासासाठी निवडली ॲप्लिजिया नावाची समुद्री गोगलगाय. तिच्या मज्जासंस्थेत जेमतेम २०,००० चेतापेशी असतात आणि त्यांतल्या काही तर नुसत्या डोळ्यांनी दिसतात. शेपटीला विजेचा एक धक्का दिला, की हलक्या स्पर्शानेही ती आपले कल्ले जोराने आत ओढून घेते. पण ही भीती काही मिनिटांतच ओसरते. तोच धक्का थोड्या थोड्या अंतराने अनेकदा दिला, तर ती कित्येक दिवस टिकते. एकाच धक्क्याने चेतापेशींमधल्या जुन्याच जोडण्या तात्पुरत्या बळकट होतात. वारंवार दिलेल्या धक्क्यांनी मात्र पेशीकेंद्रातली काही जनुके कामाला लागतात, नवी प्रथिने तयार होतात आणि नव्या जोडण्या अक्षरशः उगवतात. दीर्घकाळ टिकणारी आठवण मज्जासंस्थेची रचनाच बदलते, हे यातून दिसले. या संशोधनासाठी कांडेल यांना २००० साली अर्विड कार्लसन आणि पॉल ग्रीनगार्ड यांच्यासह वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

पण दारावरची थाप तर एकदाच पडली होती. माणसाच्या मेंदूत अमिग्डाला हा बदामाएवढा भाग भीतीची दखल घेतो. त्या क्षणी स्रवणाऱ्या ताणाच्या संप्रेरकांच्या मदतीने तो आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पससारख्या भागांतली नोंद अधिक पक्की करतो, आणि म्हणून जे एरवी पुन्हा पुन्हा घडल्याने साधते, ते एका रात्रीतही साधू शकते. लहानग्याचे सारे दुःख गोगलगायीवरून समजेल, असे मला मुळीच वाटत नाही. मात्र वाचलेल्या मुलांना ‘आता विसरून जा’ असे सांगणे किती निरर्थक होते, हे तिच्या पेशींतूनही कळते.

नोबेलनंतर ऑस्ट्रियाने आपला सुपुत्र म्हणून कौतुक केले, तेव्हा हा सन्मान अमेरिकन ज्यूचा आहे, असे कांडेल यांनी स्पष्ट सांगितले. व्हिएन्ना विद्यापीठासमोरच्या रस्त्याला ज्यूद्वेष्टा महापौर कार्ल ल्युगर याचे नाव असण्यालाही त्यांनी आक्षेप घेतला. २०१२ साली ते नाव बदलण्यात आले.