मूतखडा फोडणाऱ्या होल्मियमची पार्श्वभूमी

बेळगावात मूतखड्याचं ऑपरेशन करून आलेल्या कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: "दुर्बीण घातली, लेझरनं फोडला." खानापूर, बैलहोंगलकडची माणसं इथे येतात, सरहद्दीपलीकडच्या चंदगडचीही येतात, अथणीकडच्यांना मिरज जवळ पडतं. उन्हात राबायचं आणि पाणी कमी प्यायचं, हे खड्याचं जुनं कारण. त्यामुळे ऊस-तंबाखूच्या या पट्ट्यात हा विषय घरोघरचा. आधी हुलग्याचं माडगं, मग पानफुटीची पानं, मग सोनोग्राफी. डॉक्टरांशी बोलणं मराठी-कन्नडात होतं, डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत मिळतं आणि त्यावर लेझरच्या आधी एक शब्द असतो: होल्मियम. आमच्या काकांनी तो वाचून घेतला आणि विचारलं, "मग आत जाळूलालेत काय?" सगळे हसले. काकांचं बरोबर होतं, ते पुढे येईलच.

होल्मियम हा दुर्मीळ मृदा गटातला धातू. १८७८ मध्ये सोरे आणि देलाफोंतेन या शास्त्रज्ञांना त्याच्या वर्णरेषा, म्हणजे प्रकाशातल्या ओळखीच्या खुणा, दिसल्या. स्वीडनमध्ये क्लेव्ह यांनी तो स्वतंत्रपणे शोधला आणि स्टॉकहोमच्या लॅटिन नावावरून त्याचं बारसं केलं. पुढची ऐंशी वर्षं त्याला फारसं काम नव्हतं.

मे १९६० मध्ये मेमन यांनी माणकाचा लेझर चालवला आणि प्रयोगशाळांत झुंबड उडाली. कुठल्या स्फटिकात कुठला धातू चिमूटभर मिसळला तर लेझर मिळेल, याचा शोध सुरू झाला. अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये एल. एफ. जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये कॅल्शियम टंगस्टेटमध्ये होल्मियम घालून सुमारे २ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त किरण मिळवला. १९६५ मध्ये जॉन्सन, ग्यूसिक आणि व्हॅन यूटर्ट यांनी यिट्रियम-ॲल्युमिनियम गार्नेटच्या, म्हणजे 'याग'च्या स्फटिकात तेच साधलं. अट एकच: स्फटिक द्रव नायट्रोजनने उणे १९६ अंश सेल्सिअसपर्यंत गार करायचा. दवाखान्यात हे कोण करणार?

दोष होल्मियमच्या घडणीतच आहे. प्रकाश देऊन त्याचा आयन (विद्युतभारित अणू) ऊर्जेच्या ज्या पायरीवर उतरतो, ती तळाला अगदी लगटून आहे. नेहमीच्या तापमानाला नुसत्या उष्णतेने काही आयन तिथे आधीच चढून बसलेले असतात आणि निघालेला प्रकाश पुन्हा गिळतात. गार केलं की पायरी रिकामी होते. शिवाय स्फटिकाला ऊर्जा देणाऱ्या फ्लॅश दिव्याचा पांढरा प्रकाश होल्मियमला नीट पचत नाही. निओडिमियम या दुसऱ्या धातूचा १९६४ चा निओडिमियम-याग लेझर खोलीच्या तापमानाला मुकाट चालत होता, म्हणून सगळे त्याच्या मागे गेले.

वाट निघाली ती भागीदारीतून. ऊसतोडीत एक जण तोडतो, दुसरा मोळी बांधतो, तिसरा ती ट्रॉलीत चढवतो. तसं स्फटिकात होल्मियमच्या जोडीला क्रोमियम आणि थुलियम हे आणखी दोन धातू आले. क्रोमियम दिव्याचा प्रकाश धरतं, थुलियमकडे देतं, थुलियम होल्मियमकडे. यातली थुलियमची करामत मला सगळ्यात आवडते: एक उत्तेजित आयन आपली ऊर्जा शेजाऱ्याशी वाटून घेतो आणि एका फोटॉनच्या, म्हणजे प्रकाशकणाच्या, खर्चात दोघे कामाला लागतात. १९८० च्या दशकात या मिश्रणावर खोलीच्या तापमानाला चालणारे लेझर तयार झाले. थुलियम-होल्मियमचा, दिव्याऐवजी डायोड लेझरच्या प्रकाशावर चालणारा प्रकारही त्याच दशकातला.

आता वैद्यक. होल्मियमचा २.१ मायक्रॉनचा किरण पाणी झटकन शोषून घेतं. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आत त्याचा जोर संपतो. निओडिमियमचा किरण शरीरात बराच खोल शिरतो, भलतीकडे भाजतो. कार्बन डायऑक्साइड लेझर पाण्यात थांबतो खरा, पण त्याचा किरण साध्या काचतंतूतून जात नाही, मग मूत्रपिंडापर्यंत न्यायचा कसा? होल्मियमचा किरण केसापेक्षा थोड्याच जाड क्वार्ट्‌झ तंतूतून सहज जातो. माझ्या मते सगळं यश या एका गोष्टीत आहे.

१९८० मध्ये म्युनिकला बाहेरून आघातलहरींनी खडा फोडण्याची सुरुवात झाली. त्या दशकात रंगद्रव्याचे लेझरही आले, पण काही चिवट खड्यांपुढे ते हात टेकत. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला होल्मियम आलं आणि कुठलाही खडा फुटू लागला, कारण ते मुख्यतः धक्क्यावर नाही, उष्णतेवर काम करतं: खडा तापून त्याची रासायनिक घडणच मोडते. म्हणजे काकांचं 'जाळूलालेत'. तंतूच्या टोकाशी पाण्याची वाफ होऊन बुडबुडा बनतो आणि मागचा किरण त्या मोकळ्या वाटेने खड्यापर्यंत पोचतो. बायबलमधल्या समुद्र दुभंगल्याच्या कथेवरून याला मोझेस परिणाम म्हणतात. न्यूझीलंडच्या तौरांगात गिलिंग आणि सहकाऱ्यांनी याच लेझरने प्रोस्टेटची गाठ सोलून काढायची पद्धत बसवली.

अशा ऑपरेशनला ताकद जास्त लागली आणि जुनं दुखणं वर आलं: उष्णता. दिव्याने स्फटिकाची कांडी तापते, कांडी तापली की लेझर मंदावतो. म्हणून १०० वॅटच्या वरच्या यंत्रांत अनेक कांड्यांचे किरण एकत्र करतात. त्यासाठी पाण्याचं शीतकरण आणि दणकट वीजजोडणी लागते. लोडशेडिंगच्या दिवसांत याचा अर्थ काय, ते आमच्याकडे वेगळं सांगायला नको.

प्रयोगशाळांनी दुसरा उपाय काढला: थुलियमला स्फटिकाबाहेर काढायचं. वेगळ्या थुलियम लेझरचा १.९ मायक्रॉनचा किरण निव्वळ होल्मियमच्या स्फटिकावर टाकला, तर दोन्ही तरंगलांबींत फरक जेमतेम दहा टक्के, त्यामुळे उष्णताही थोडी. २००० च्या सुमारास ही पद्धत स्थिरावली. या किरणाने झिंक-जर्मेनियम फॉस्फाइडचा स्फटिक चालवून ३ ते ५ मायक्रॉनचा प्रकाश मिळतो आणि तो उष्णतेचा माग काढणाऱ्या क्षेपणास्त्राला चकवायला वापरता येतो. मराठा लाइट इन्फंट्रीच्या गावात हा उपयोग मूतखड्याइतकाच लक्षात राहील.

इकडे ऑपरेशन थिएटरात थुलियमने स्वतंत्र दुकान थाटलंय. त्याच्या फायबर लेझरचा १.९४ मायक्रॉनचा किरण पाणी आणखी जोराने शोषतं, आणि यंत्र पंख्याच्या हवेवर, साध्या प्लगवर चालतं. काही डिस्चार्ज कार्डांवर होल्मियमच्या जागी आता 'टीएफएल', म्हणजे थुलियम फायबर लेझर, लिहिलेलं असतं.