बावीस बोअरची जुनी रायफल : ओळख व कालनिश्चिती

बावीस बोअरची (म्हणजे ०.२२ इंची नळीची) रायफल, बोलण्यात ‘पॉइंट टू-टू’, रिमफायर काडतुसावर चालते. या काडतुसाला मध्यभागी वेगळी टोपी नसते. पेट घेणारा मसाला बुडाच्या दुमडलेल्या कडेतच भरलेला असतो आणि पिनेने ती कड चेपली की बार उडतो. वापरलेली रायफल विकत घेताना, वारसाहक्काने नावावर करताना किंवा परवान्यावरची नोंद पडताळताना ती कोणी, कुठे आणि साधारण केव्हा बनवली हे ठरवावे लागते. गोव्यात हे काम थोडे किचकट होते, कारण १९ डिसेंबर १९६१ पर्यंत इथे पोर्तुगीज अंमल होता. त्याआधी आलेल्या हत्याराचे मूळ कागद पोर्तुगीज भाषेत असतात.

हत्यार हातात घेतल्यावर बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा सरकता दांडा) उघडून नळी आणि मॅगझिन (काडतुसांचा कप्पा) रिकामे असल्याची खात्री करणे हे पहिले काम. मग नळीवरचे काडतुसाचे नाव वाचावे. ‘शॉर्ट’ हे काडतूस १८५७ चे, ‘लाँग रायफल’ १८८७ चे. नुसते ‘शॉर्ट’ लिहिलेल्या नळीत लाँग रायफल काडतूस घालू नये. जर्मन नळीवर त्याच लाँग रायफलसाठी ‘एलएफबी’ ही अक्षरे असतात.

कारखान्याचे नाव हा सर्वांत ठळक पुरावा, पण फसवाही तोच. नळीवर ‘रोडा’ किंवा ‘मँटन’ आणि खाली ‘कलकत्ता’ असले तर तो बहुतेक वेळा विक्रेत्याचा ठसा असतो, बनवणाऱ्याचा नव्हे. (१९१४ मध्ये क्रांतिकारकांनी माउझर पिस्तुले पळवली ती याच रोडा कंपनीची.) एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफलींचे चिन्ह बर्मिंगहॅमच्या बीएसए (बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स) कारखान्याचे. देशाच्या नावाचाही उपयोग होतो. ‘चेकोस्लोव्हाकिया’ म्हणजे १९१८ ते १९९२, ‘वेस्ट जर्मनी’ म्हणजे १९४९ ते १९९०.

खरा आधार मिळतो तो चाचणीच्या ठशांत. युरोपातल्या बऱ्याच देशांत प्रत्येक नळी विक्रीपूर्वी सरकारमान्य चाचणीगृहात जादा दाबाच्या बाराने तपासली जाते आणि मग तिच्यावर ठसा उमटतो. बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ पासूनचे. तिथल्या १९०४ नंतरच्या नळ्यांवर मुकुटाखाली ‘बीपी’, ‘बीव्ही’, ‘एनपी’ असे वेगवेगळे ठसे दिसतात. १९५४ च्या नियमांनंतर त्यांची जागा एकट्या ‘बीएनपी’ने घेतली आणि शेजारी टनांत दाबाचा आकडा येऊ लागला. बेल्जियममधल्या लिएजच्या ठशांत १९२२ पासून वर्षाचे अक्षर असते. चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनो कारखान्याच्या रायफलीवर चेक सिंहाजवळ सालाचे शेवटचे दोन आकडे सापडतात. जर्मनीत उल्मच्या चाचणीगृहाची खूण सांबराचे शिंग. तिथे सालासाठी अक्षरे वापरली गेली : ए म्हणजे शून्य, बी म्हणजे एक, असे के म्हणजे नऊपर्यंत, मधले जे वगळून. ‘एचजी’ दिसले तर साल १९७६. हे ठसे पुष्कळदा लाकडाखाली दडलेले असतात, तेव्हा दस्ता सोडवावा लागतो. स्क्रूच्या खाचेत नेमका बसणारा पेचकस नसेल तर खाच फाटते, आणि फाटलेली खाच पुढच्या गिऱ्हाइकाला लगेच दिसते.

अमेरिकी रेमिंग्टनवर नळीच्या डाव्या अंगाला, रिसीव्हरजवळ (बोल्ट आणि चापाची यंत्रणा बसवलेला मधला भाग), बहुधा दोन अक्षरे असतात. पहिले महिन्याचे. जानेवारी ते डिसेंबरची अक्षरे ओळीने लावली तर इंग्रजीत ‘ब्लॅकपावडर’ आणि शेवटी ‘एक्स’ असे वाचता येते. दुसरे अक्षर वर्षाचे, पण ती अक्षरे काही दशकांनी पुन्हा वापरली गेली, म्हणून मॉडेलशी ताळा घ्यावाच लागतो. शिवाय नळीवरचा सांकेतिक ठसा नळीचे वय सांगतो. रिसीव्हर दुसऱ्याच रायफलीचा असू शकतो.

अनुक्रमांकाला गरजेपेक्षा जास्त मान दिला जातो. अमेरिकेत १९६८ च्या कायद्यापूर्वी बावीस बोअरच्या कित्येक स्वस्त रायफली क्रमांकाविनाच विकल्या जात. भारतात मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम ८ ओळखखूण नसलेले हत्यार विकू देत नाही. त्यामुळे अशा रायफलीवर इथे मागाहून ठोकलेला क्रमांकही आढळतो. तो वाकडा असेल, एकेक आकडा वेगळ्या खोलीवर असेल, तर त्यावरून उत्पादनाचे साल काढण्यात अर्थ नाही. परदेशी रायफलीसाठी आणखी एक मर्यादा लागू होते. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला आयात जवळपास बंद आहे. त्यानंतरचे साल निघाले तर आयातीचा कागद मागावा. ती मुभा मुख्यतः नामांकित नेमबाजांना असते.

किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत निळसर मुलामा टिकत नाही. म्हणून गोव्यातल्या जुन्या रायफलींना पुन्हा घासून मुलामा दिलेला असण्याची शक्यता धरूनच चालावे. घासताना ठशांच्या कडा बोथट होतात आणि अक्षरे उथळ दिसतात. रिसीव्हरवर दुर्बिणीच्या खाचा असतील तर हत्यार बहुधा दुसऱ्या महायुद्धानंतरचे. चेंबरच्या (नळीत काडतूस बसते त्या जागेच्या) तोंडाशी पिनेने पडलेला खळगा दिसला तर रिकामा चाप फार ओढला गेला आहे असे समजावे. त्याने काडतूस अडकते, किंमतही उतरते.

पोर्तुगीज कागदावरचा क्रमांक वाचताना हस्ताक्षराकडे लक्ष हवे. युरोपीय वळणाच्या एकला वर लांब शेंडी असते, तो आपल्याकडे सात म्हणून वाचला जातो. त्यांच्या सातला मध्ये आडवी रेघ असते. मुक्तीनंतर परवान्यात नोंद उतरवून घेताना इथेच चूक होऊ शकते. आधी धातूवरचा क्रमांक, मग मूळ कागद, मग आजचा परवाना, या क्रमाने ताडून पाहावे.

शस्त्र कायद्याच्या कलम १३ नुसार बावीस बोअरची रायफल मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला निशाणेबाजीच्या सरावासाठी परवान्यावर मिळते. सत्तरी, सांगे, काणकोणच्या कुळागरांत (सुपारी-नारळाच्या बागांत) पिकांच्या राखणीसाठी कायद्यात उल्लेख आहे तो ठासणीच्या बंदुकीचा. रानडुकरासमोर पॉइंट टू-टू तशीही तोकडी. परवानाधारकाने आपले हत्यार विकण्यापूर्वी जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबायचे असते. क्रमांक जुळत नसेल तर याच मुदतीत अर्ज करून नोंद दुरुस्त करून घ्यावी. पुसट आकडा कारागिराकडून ‘ठळक’ करून घेण्याचा सल्ला देणारे भेटतात, पण हत्यारावरची खूण बदलणे हा कलम ८ चाच भंग आहे.