रॉक संगीतातले 'लेजंड'

रॉक संगीतातल्या ज्या गायक-वादकांच्या गाण्यांबरोबर त्यांच्या गोष्टीही पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात, त्यांना 'लेजंड' म्हणण्याची पद्धत आहे. मराठीत त्यासाठी 'आख्यायिका' आणि 'दंतकथा' हे शब्द आहेत. 'तो हयातीतच दंतकथा बनला' असे आपण सहज लिहितो. बोलताना मात्र इंग्रजी शब्दच तोंडी येतो. सोलापुरात तर क्रिकेटपटूपासून कोपऱ्यावरच्या भजीवाल्यापर्यंत कुणालाही 'लेजंड आहे की बे' म्हणून मोकळे होतात. रॉकमध्ये हा मान इतक्या सहज मिळत नाही. रेकॉर्डी खपल्या, मैदाने भरली, की कलावंत मोठा होतो. लेजंड व्हायला त्याचे वाजवणे दुसऱ्यांच्या हातात आणि त्याची गोष्ट दुसऱ्यांच्या तोंडी उतरावी लागते.

सुरुवात आवाजापासून होते. जिमी हेंड्रिक्स (१९४२–१९७०) डावखुरा होता. उजव्या हाताने वाजवणाऱ्यांसाठी बनवलेली फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटार तो उलटी धरायचा आणि तारा आपल्या सोयीने पुन्हा चढवायचा. त्यामुळे आवाज कमी-जास्त करायच्या खुंट्या आणि सूर थरथरवायची दांडी खालची वर आली. गिटार अँप्लिफायरच्या तोंडाशी नेली की एक कर्कश शीळ सुरू होते. मांडवात माइक स्पीकरजवळ गेला की आपण कानांवर हात ठेवतो, तीच ही शीळ. बहुतेक वादक ती टाळायला बघत. हेंड्रिक्स तिला हवी तेवढी लांबवायचा, वाकवायचा, तिच्यातून सूर काढायचा. १८ ऑगस्ट १९६९ रोजी, सोमवारी सकाळी, वुडस्टॉकच्या महोत्सवात तो सर्वांत शेवटी मंचावर आला. लाखोंच्या गर्दीतले बहुतेक लोक तोवर घरी निघून गेले होते. त्याने एका गिटारवर अमेरिकेचे राष्ट्रगीत धरले आणि मधेच त्यात बॉम्ब पडल्यासारखे, कुणी किंचाळल्यासारखे आवाज काढले. व्हिएतनामचे युद्ध तेव्हा चालू होते. वेगळा खुलासा करायची गरज नव्हती. ती सकाळ आज जगाला माहीत आहे ती चित्रफितीमुळे आणि रेकॉर्डमुळे.

यानंतर येतो तो माहितीतला खड्डा. रॉकच्या आधीच्या, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीतातला रॉबर्ट जॉन्सन हे त्याचे सर्वांत जुने आणि ठळक उदाहरण. १९३६ आणि १९३७ अशा दोन खेपांत त्याने फक्त २९ गाणी ध्वनिमुद्रित केली आणि १९३८ साली, २७ व्या वर्षी, मिसिसिपीत तो वारला. छायाचित्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. म्हणून गोष्ट रचली गेली: चव्हाट्यावर मध्यरात्री सैतानाला आत्मा विकून त्याने ही विद्या मिळवली. प्रत्यक्षात आइक झिमरमन नावाच्या जाणत्या वादकापाशी तो शिकला, आणि दोघे रात्री कबरस्तानात बसून रियाज करीत, कारण तिथे कुणाला त्रास व्हायचा नाही. खरी हकीकत दंतकथेहून उणी नाही, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. पण सैतानाच्या गोष्टीने त्या मेहनतीच्या रात्री झाकून टाकल्या. १९६१ साली त्याची गाणी दीर्घवादन तबकडीवर पुन्हा निघाली, ती इंग्लंडातल्या तरुण गिटारवादकांच्या हाती पडली, आणि मेलेला माणूस तेवीस वर्षांनी गुरू झाला.

अकाली मरण हे लेजंड होण्याचे कारण म्हणून नेहमी सांगितले जाते. ब्रायन जोन्स (१९६९), हेंड्रिक्स आणि जॅनिस जॉप्लिन (१९७०), जिम मॉरिसन (१९७१), कर्ट कोबेन (१९९४) हे सारे २७ व्या वर्षी गेले, म्हणून त्या आकड्याचीच दंतकथा झाली. २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासात २७ व्या वर्षी मृत्यूंची संख्या वाढलेली दिसली नाही. मात्र विशी-तिशीतल्या नामवंत संगीतकारांना मृत्यूचा धोका इतरांपेक्षा जास्त आढळला. मरणाने एवढेच होते की चेहरा तरुण राहतो आणि वाईट रेकॉर्ड काढायला माणूस उरत नाही. रॉकच्या पहिल्या पिढीतला गायक-गिटारवादक चक बेरी नव्वद वर्षे जगला. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर त्याचे एक गाणे आहे. त्याला लेजंड व्हायला मरावे लागले नाही.

कधी कधी कलावंत जिवंत असतो आणि त्याला पत्ताच नसतो. डेट्रॉइटच्या सिक्स्टो रॉड्रिगेझच्या १९७० आणि १९७१ च्या दोन रेकॉर्डी अमेरिकेत पडल्या. त्याने पुढे घरे पाडण्याच्या, डागडुजीच्या कामांवर मजुरी केली. तिकडे वर्णभेदी राजवटीतल्या दक्षिण आफ्रिकेत त्याची गाणी घराघरांत गेली होती, आणि त्याने मंचावरच आत्महत्या केली अशी अफवा पक्की बसली होती. चाहत्यांनी शोधून काढल्यावर १९९८ साली तो तिथे गेला आणि भरलेल्या सभागृहांसमोर गायला. सोलापूरकरांना हे ऐकून नवल वाटायचे कारण नाही. इथे १९१० साली जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये युद्धग्रस्त चीनमध्ये गेले, १९४२ मध्ये तिथेच वारले, आणि आज त्यांचे नाव तिकडे ज्या भक्तिभावाने घेतात तो भाव त्यांच्या जन्मगावी आलेल्या चिनी पाहुण्यांच्या डोळ्यांत दिसतो. आपल्या माणसाचे मोठेपण कधी कधी परका मुलूख आधी ओळखतो.

एखादा प्रसंगही पुरतो. फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे झांझिबारमध्ये १९४६ साली जन्मलेला फारुख बलसारा, शाळेला होता आपल्या सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीत. पहिला बँडही त्याने त्या शाळेतच केला. १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर त्याच्या क्वीन या बँडला वीसएक मिनिटे मिळाली होती. गाण्यांच्या मधे त्याने नुसत्या स्वरांची तान टाकली आणि समोरच्या सुमारे ७२ हजार लोकांनी ती परत दिली. त्याने वर नेली, त्यांनीही वर नेली. शाहिराने पोवाड्याची ओळ टाकावी आणि झीलकऱ्यांनी झील धरावी, तसे सबंध मैदान झीलकरी झाले. बार्शीत जन्मलेले शाहीर अमरशेख (१९१६–१९६९) संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत काय करत असत, हे ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे, त्यांना वेम्बलीची ती मिनिटे समजावून सांगावी लागत नाहीत. लोक लेजंडला नुसते ऐकत नाहीत, त्याच्या गाण्यात त्यांना वाटा मिळालेला असतो.

हे सगळे टिकते मात्र शिकण्यातून. सोलापुरात रॉक आले ते मुख्यतः कॅसेटींवरून. पुण्या-मुंबईला शिकायला गेलेला कुणी थोरला भाऊ सुट्टीत कॅसेट आणायचा, मग तिची नक्कल, नकलेची नक्कल. प्रस्तुत लेखकाने पाहिलेल्या एका साठ मिनिटांच्या कॅसेटच्या पुठ्ठ्यावर निळ्या बॉलपेनने बँडची नावे देवनागरीत, ऐकली तशी लिहिलेली होती. दोन ओळी खोडून पुन्हा लिहिलेल्या. फीत सैल झाली की पेन्सिल घालून गुंडाळायची. चौथ्या-पाचव्या नकलेपर्यंत खरखर इतकी वाढायची की गायकाचे शब्द बुडून जायचे, पण गिटारची सुरुवातीची सुरावट, जिला वाजवणारे 'रिफ' म्हणतात, ती त्यातूनही वर यायची. १९९१ नंतर केबलवर एमटीव्ही दिसू लागला आणि ही सुरावट काढणारी बोटे नेमकी कुठे पडतात ते प्रथमच डोळ्यांना दिसले. आजही गिटार शिकणारे पोर पहिल्या महिन्यात आधी तीच पन्नास वर्षांपूर्वीची रिफ मागते. बोटांच्या टोकांची कातडी सोलते, मग घट्टे पडतात, आणि त्या घट्ट्यांबरोबर वादकाचे नाव, त्याची गिटार, त्याचे मरण सगळे पोराच्या पदरात पडते.

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत हेच दिसते. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांच्याशी लग्न करू इच्छिणाऱ्या कुंभारकन्येची आणि त्यांनी लग्नासाठी दिलेल्या योगदंडाची कथा शतकानुशतके उरली. ती दरवर्षी मकरसंक्रांतीच्या वेळी संमती कट्ट्यापाशी अक्षता टाकून पुन्हा घडवली जाते, आणि उंच नंदीध्वज पेलण्याचा सराव त्याआधी कितीतरी दिवस चालतो. ज्या आख्यायिकेसाठी कुणी अंग मोडून सराव करतो ती विसरली जात नाही.

संस्थांचा वाटा यात उशिराचा. अमेरिकेच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने १९८६ पासून कलावंतांना मान द्यायला सुरुवात केली. पहिली रेकॉर्ड निघून २५ वर्षे व्हावी लागतात. या यादीत कोण किती उशिरा आले हे पाहणे आवश्यक आहे. सिस्टर रोझेटा थार्प (१९१५–१९७३) ही कृष्णवर्णीय गायिका हेंड्रिक्सच्या जन्माआधीपासून इलेक्ट्रिक गिटारवर भक्तिगीते गात होती, आणि चक बेरीच्या पिढीने तिच्यापासून घेतले. तिचा मान २०१८ साली झाला. त्याआधी कित्येक वर्षे तिच्या थडग्यावर नावाची शिळाही नव्हती. गिटार घेतलेल्या बाईची गोष्ट सांगायला फारसे कुणी बसले नाही, म्हणून हे झाले. वाजवण्यात ती कुणाहून कमी नव्हती.

१९६४ साली मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्थानकावर तिचा कार्यक्रम टीव्हीसाठी चित्रित झाला. प्रेक्षक एका फलाटावर, ती रुळांपलीकडच्या दुसऱ्यावर, वर पाऊस. जाड कोट अंगात, पांढरी इलेक्ट्रिक गिटार गळ्यात, आणि ओल्या फलाटावर उभी राहून ती पावसाचेच गाणे वाजवते. ही फीत आता कुणाच्याही फोनवर मिळते. सोलापुरातल्या गिटार शिकणाऱ्या मुली ती थांबवून, मागे नेऊन, तिचा उजवा हात कसा पडतो ते बघत बसतात.