कोणत्या गळतीसाठी सकाळपर्यंत थांबता येईल आणि कोणत्या नाही

सात मजली इमारत घेऊ. गच्चीवर टाकी, टाकीतून उतरलेल्या लाइनी, घराघरांत नळ. पाण्याच्या दर 10 मीटर उंचीमागे साधारण 1 बार, म्हणजे जवळपास हवेच्या दाबाएवढा दाब तयार होतो. एक मजला 3 मीटरचा धरला, तर तळमजल्याच्या नळात 2 बारच्या वर दाब असतो आणि सर्वांत वरच्या घरातल्या शॉवरला जेमतेम पाव बार. म्हणून वरच्या घरात धार रडत येते आणि खालच्या घरात फुटलेली नळी बघता बघता घरभर पाणी करते. रात्री प्लंबरची झोपमोड करायची की सकाळपर्यंत थांबायचं, हेही बऱ्याच अंशी या दाबावर ठरतं.

घरात पाण्याच्या दोन वेगळ्या व्यवस्था असतात. आत येणारी लाइन चोवीस तास दाबाखाली असते, त्यामुळे तिची गळती आपणहून थांबत नाही. बाहेर जाणारं सांडपाणी मात्र केवळ उतारावर वाहतं. वापर थांबला की तिथली गळतीही थांबते. छताला ओल आली की हा फरक फार उपयोगी पडतो. वरच्या घरच्यांना विनंती करून ते न्हाणीघर दोन-तीन दिवस कोरडं ठेवायचं. तरीही डाग वाढत राहिला तर दोष बहुधा दाबाच्या लाइनीत आहे. डाग हळूहळू सुकू लागला तर नहाणी ट्रॅप (न्हाणीघराच्या जाळीखालचा, पाणी धरून ठेवणारा भाग), सांडपाण्याचा जोड किंवा फरशीखालचं वॉटरप्रूफिंग तपासायचं. आणि जिथे डाग तिथेच फोडाफोड करू देऊ नका. पाणी स्लॅबच्या उतारावरून सरकतं, प्लास्टरच्या बारीक छिद्रांतून केशाकर्षणाने वरही चढतं, त्यामुळे डाग मूळ गळतीपासून दोन-तीन फूट दूर उमटलेला असू शकतो.

ठिबकणाऱ्या नळाची दुरुस्ती सकाळपर्यंत नक्कीच थांबू शकते, पण ती महिनाभर लांबवू नये. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला 86,400 थेंब. थेंब पाव मिलिलिटरचा धरला तरी 21 लिटरच्या वर पाणी जातं, तेही बहुधा एका झिजलेल्या वॉशरपायी. फ्लशच्या टाकीची गळती तर ऐकूही येत नाही. टाकीत खाण्याचा रंग थोडासा टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला, तर टाकीच्या तळाचं रबर गेलं आहे.

ताबडतोब धावपळ करावी लागते ती कमोड, बेसिन किंवा गिझरची कनेक्शन नळी सुटली तर. वरून स्टीलची जाळी चकचकीत दिसते, पण आतलं रबर कडक होऊन चिरतं, प्लास्टिकचं नट तडकतं. मिनिटाला 20 लिटर पाणी धरलं तर दहा मिनिटांत 200 लिटर, म्हणजे 10 चौरस मीटरच्या खोलीत 2 सेंटिमीटर पाणी. तेवढ्या वेळात कुठलाही प्लंबर पोचत नाही. त्या नळीच्या मागचा अँगल कॉक (नळी जिथे भिंतीला जोडलेली असते तिथला छोटा कॉक) किंवा घराचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करणं हाच उपाय, आणि तो घरातल्या प्रत्येकाला, आजी-आजोबांना आणि शाळकरी मुलांनाही, दाखवून ठेवलेला असला पाहिजे. जुने पितळी व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं न फिरवल्याने गच्च बसतात. चार-सहा महिन्यांनी एकदा बंद करून उघडावेत. फिरत नसेल तर तो बदलून घ्यायचा, आणि हे काम अडचण येण्याआधी करायचं. पाणी स्विचबोर्डाजवळ आलं असेल किंवा छतातल्या दिव्यातून ठिबकत असेल, तर आधी मेन स्विच पाडायचा, पण हात आणि पायाखालची जमीन कोरडी असेल तरच. नाहीतर पाण्यात न उतरता बाहेर पडायचं आणि खालून, मीटरपाशी वीज बंद करून घ्यायची. इथे इलेक्ट्रिशियनची गरज प्लंबरच्या आधी लागते.

नळ झटक्यात बंद केला की भिंतीत ‘धाड्’ असा आवाज येतो, त्याकडे आपण सहसा लक्ष देत नाही. वाहतं पाणी एकदम अडलं की दाबाची लाट पाइपात मागे धावते. निकोलाय झुकोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने 1897-98 मध्ये मॉस्कोच्या पाणीपुरवठ्यावर प्रयोग करून तिचं गणित मांडलं. धातूच्या पाइपात ही लाट सेकंदाला हजार मीटरहून अधिक वेगाने जाते. सेकंदाला 1 मीटर वेगाचं पाणी अगदी क्षणात थांबलं, तर दाब 12 बारपर्यंत उसळू शकतो. प्लास्टिकच्या पाइपात तो बराच कमी असतो, पण रोजच्या धक्क्यांनी जोड सैल होतात. लिव्हरचा नळ हळू बंद करायचा आणि सुट्या पाइपांना क्लँप मारून घ्यायचे.

गिझरबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. पाणी 25 अंशांवरून 60 अंशांवर गेलं की सुमारे दीड टक्क्याने फुगतं. 15 लिटरच्या गिझरमध्ये हे वाढीव पाणी जवळपास पेलाभर होतं. ते सेफ्टी व्हॉल्व्हमधून ठिबकतं आणि ठिबकायलाच हवं. ‘गळतंय’ म्हणून काही जण तिथे बूच मारतात. असं कधीही करू नका. थर्मोस्टॅट बिघडला तर बंद टाकीत दाबाखालचं पाणी 100 अंशांच्या पुढेही तापत जातं. टाकी फुटली की त्यातलं काही पाणी तत्क्षणी वाफ होतं, आणि वाफेला त्या पाण्याच्या सुमारे 1600 पट जागा लागते. व्हॉल्व्हमधून वाफ किंवा उकळतं पाणी येऊ लागलं तर वीज तोडायची, न्हाणीघरातून बाहेर पडायचं आणि तंत्रज्ञाला लगेच बोलवायचं.

गावाहून परतल्यावर घरात दुर्गंधी आली, तर बहुतेक वेळा ट्रॅपमधलं पाणी सुकलेलं असतं. पाइपाच्या वाकात अडकून राहणारं हे पाणी गटारातला वायू अडवतं. अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने 1775 मध्ये अशा वाकाचं पेटंट घेतलं होतं. तांब्याभर पाणी ओतलं की वास जातो. गेला नाही तर प्लंबर.

एकटं सिंक तुंबलं तर कचरा जवळच, बॉटल ट्रॅपमध्ये, म्हणजे सिंकखालच्या बाटलीसारख्या भागात असतो आणि तो हाताने उघडता येतो. पण सिंक, न्हाणीघर आणि कमोड एकदमच तुंबले, किंवा तळमजल्याच्या जाळीतून मैलापाणी वर आलं, तर मुख्य लाइन किंवा चेंबर भरलेलं आहे. अशा वेळी वरच्या सगळ्या घरांनी पाणी वापरणं थांबवायचं. वाट पाहायची नाही, आणि आम्ल व ब्लीच एकत्र तर मुळीच ओतायचं नाही, कारण त्यातून क्लोरीन वायू निघतो. कॉस्टिक सोडा आधीच टाकला असेल तर तसं प्लंबरला सांगा. त्याच्या डोळ्यांचा आणि हातांचा प्रश्न आहे. चेंबर किंवा सेप्टिक टाकीत तर माणूस उतरवूच नका. तिथल्या हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण वाढलं की नाकाला त्याचा वासच येईनासा होतो, आणि उतरलेला माणूस, त्याला वाचवायला गेलेला दुसरा, दोघेही जातात. सुरक्षासाधनांशिवाय कुणाला असं उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. या कामासाठी सक्शन आणि जेटिंगच्या, म्हणजे मैला ओढून घेणाऱ्या आणि जोराच्या धारेने लाइन साफ करणाऱ्या गाड्या असतात. नगरपालिकेची किंवा खासगी, गाडीच बोलवा.