‘सेगोद्न्या’तला ग कुठे गेला?

माझी भाची रशियात कझानला डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला आहे. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. “मामा, इथे लिहितात एक आणि वाचतात भलतंच. ‘आज’ म्हणजे सेगोद्न्या. पण अख्खं गाव म्हणतं सिवोद्न्या. ग कुठे गेला?” भाषेच्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, हे असंच असतं, पाठ कर.

त्याच आठवड्यात आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरत होता. रशिया म्हणजे म्हणे ‘ऋषीय’, ऋषींचा देश, आणि रशियन म्हणजे बिघडलेलं संस्कृत. पुढे हात जोडलेले आणि झेंडे. आता ‘रुस’ या नावाचा धागा बहुतेक अभ्यासक फिनिश लोकांच्या ‘रुओत्सी’ या शब्दाशी जोडतात, आणि फिनिश लोक आजही स्वीडनला रुओत्सी म्हणतात. तिथे ऋषी कुठे बसवायचे? तरी संस्कृत आणि रशियनचं नातं खरं आहे. फक्त ते असं कानाला गोड लागणाऱ्या जोड्यांत सापडत नाही. भाचीच्या त्या हरवलेल्या ‘ग’पाशी, विशेषणांच्या षष्ठीत, ते सापडतं.

आधी थोडी उजळणी. मराठीत ‘नवा मुलगा’चं ‘नव्या मुलाचा’ होतं. नामाबरोबर विशेषणही वाकतं, पण सगळी नाही. ‘लाल’, ‘सुंदर’ ताठच उभी राहतात. रशियनमध्ये ती सवलत नाही. ‘नोवी दोम’ म्हणजे नवं घर (नोवी आपला ‘नव’च, आणि दोम वेदांतला ‘दम’), तर ‘नव्या घराचा’ होतो ‘नोवोगो दोमा’. स्त्रीलिंगी असेल तर ‘नोवोय’, अनेकवचन असेल तर तिन्ही लिंगांना एकच ‘नोविख’. ‘नाही’ म्हणायचं असेल तरी षष्ठी. ‘चहाचा पेला’ म्हणतानाही षष्ठीच, ‘स्ताकान गोर्याचेगो चाया’, म्हणजे गरम चहाचा पेला. हे झालं लिहिणं. बोलताना ‘गोर्याचेगो’चं ‘गऱ्याचिवा’ आणि ‘नोवोगो’चं ‘नोववा’. टॉलस्टॉय हे आडनावही मुळात विशेषणच, ‘जाडा’ या अर्थाचं. म्हणून मॉस्कोतल्या त्याच्या नावाच्या रस्त्यावर पाटी ‘तोल्स्तोगो’ची आणि लोकांच्या तोंडी ‘तल्स्तोवा’.

भाचीचा ‘सेगोद्न्या’ही षष्ठीच आहे. ‘सेगो’ म्हणजे ‘या’, ‘द्न्या’ म्हणजे ‘दिवसाचा’. या दिवसाचा, अर्थात आज. आपला ‘आज’ संस्कृत ‘अद्य’पासून आला, आणि तोही ‘हा’ अधिक ‘दिवस’ असाच जोडलेला. दोन्हीकडे शिवण इतकी झिजली आहे की टाका दिसत नाही.

आता तो ग. मला या विषयात सगळ्यात आवडतो तो हा तुकडा, तेव्हा जरा सोसा.

उर्दूचे जाणकार ‘गझल’ म्हणताना ग घशातून, घासून काढतात. जीभ मागे पूर्ण टेकत नाही, वारा निसटतो. दक्षिण रशियातल्या बोलींत आजही साधा ग तसाच ऐकू येतो. षष्ठीच्या ‘-ओगो’ या प्रत्ययातला ग आधी असा सैल झाला. मग गळूनच पडला. उरले लागोपाठ दोन ओ. दोन ओ एकामागून एक म्हणून बघा. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना ओठ जवळ येतात आणि मधे पुसटसा व उमटतो. तो कोणी मुद्दाम घातलेला नाही, ओठांनी वाटेत टाकलेला आहे. विश्वास बसत नसेल तर ‘जाऊन’ आणि ‘होऊन’ हे शब्द निम्मा महाराष्ट्र ‘जावून’ आणि ‘होवून’ का लिहितो ते आठवा. शुद्धलेखनाच्या वहीत ज्या व-वर लाल गोळा पडतो, तोच व रशियनमध्ये रीतसर उच्चार होऊन बसला. १५व्या शतकापासूनच्या रशियन कागदपत्रांत ‘-ओवो’ असं लिहिलेलं सापडतं, म्हणजे तेव्हाचे कारकूनही आपल्यासारखेच कानाने लिहीत होते. काही अभ्यासक या व-चं श्रेय मालकी दाखवणाऱ्या ‘-ओव’ प्रत्ययाच्या प्रभावाला देतात. मला ओठांची गोष्ट जास्त पटते.

स्वरांमधला ग गळणं आपल्याकडेही जुनंच आहे. ‘नगर’चं प्राकृतात ‘णअर’ झालं, आणि संगमनेर, जामनेरमध्ये त्याचा नुसता ‘नेर’ उरला. मग रशियनमधले बाकीचे ग का टिकले? प्रत्यय दिवसातून हजारदा तोंडातून जातो. उंबऱ्याचा दगड जिथे पाय पडतो तिथेच झिजतो. आपलं ‘जातो आहे’चं ‘जातोय’ झालं ते असंच. शेजारी मात्र इतके झिजले नाहीत. पोलिशमध्ये या प्रत्ययातला ग ठणठणीत आहे, युक्रेनीत त्याचा ह झाला आहे.

पण मुळात हा ‘-ओगो’ आला कुठून? जुन्या स्लाव भाषेत (रशियन, पोलिश, युक्रेनी या सगळ्या त्याच कुळातल्या) विशेषण नामासारखंच चालायचं. ‘तो अमुक नवा’ असं बोट दाखवून सांगायचं झालं की विशेषणाच्या शेपटीला सर्वनाम चिकटवायचे. ‘नोवा’ अधिक ‘येगो’ (त्याचा) मिळून ‘नोवायेगो’, मग ‘नोवागो’. रशियनने पुढे ‘तोगो’ (त्या) या सर्वनामाच्या वळणावर त्याचं ‘नोवोगो’ केलं. कागदावर मात्र ‘-आगो’ चालूच राहिला. तो गेला १९१८च्या लेखनसुधारणेत. ‘झिवागो’ या आडनावात तो जुना प्रत्यय अजून जिवंत आहे, आणि तिथे ग चक्क ग म्हणूनच वाचतात.

आता अनेकवचनाचा ‘नोविख’. इथे शाळेतलं संस्कृत बाहेर काढा. ‘लतासु’ म्हणतो, पण ‘मुनिषु’ आणि ‘गुरुषु’. इ, उ, र, क यांच्यामागून आलेला स पालटतो. पाणिनीने हे ‘इण्कोः’ म्हणून बांधून ठेवलं. स्लाव भाषांतही याच जागी स पालटतो, पण त्याचा ष न राहता शेवटी ख होतो. म्हणून आपलं ‘तेषाम्’ तिकडे ‘त्येख’. शेवटचा आम् झिजून गेला, ष-च्या जागी ख उभा. ‘नोविख’च्या शेपटीतला ‘इख’ याच तेषाम्-येषाम्च्या पंगतीतला. सायबेरियात चेर्निख, दोल्गिख अशी आडनावं सर्रास भेटतात. काळ्यांचा, लांबड्यांचा, म्हणजे त्या घरातला माणूस. ती सगळी याच षष्ठीची.

तेषाम् आणि त्येख शेजारी ठेवले तर फॉरवर्ड करणाऱ्या काकांना त्यात काहीच दिसणार नाही. ऋषी आणि रशियात दिसतं, कारण ते नुसतं सारखं वाजतं. भाषांचं नातं ठरतं ते अमुक जागी याचा ष तर त्याचा ख, आणि प्रत्येक वेळी, अशा हिशेबाने.

हे सगळं मी भाचीला सव्वा तास ऐकवलं. निम्म्यात ती जेवायला बसल्याचं ताटाच्या आवाजावरून कळलं. दोन दिवसांनी मेसेज आला. दुकानात ‘पुष्कळ’ म्हणायला ती ऐटीत ‘म्नोवा’ म्हणाली आणि बाई हसली. शब्द ‘म्नोगो’ आहे, विशेषणाची षष्ठी नव्हे, तिथला ग शाबूत आहे. मी तसं कळवलं.

“मग महागडा, त्याची षष्ठी दोरोगोगो? त्यात दोन ग आहेत!”

पहिला ग शब्दाचा, दुसरा प्रत्ययाचा. म्हण, ‘दरागोवा’.