होडीतली माणसं कमी झाली, खिट्ट्या वाढल्या

शिडाची छोटी बोट कुणाची तरी वापरलेली विकत घेतली की पहिले काही दिवस बसायच्या खोलगट भागाकडे, म्हणजे कॉकपिटकडे, नुसतं बघण्यातच जातात. बाकाच्या फळीत पेन्सिल जाईल एवढं धातूचं भोक. तळाला पत्र्याची झडप. दोन दातेरी चाकं समोरासमोर दात विचकून बसलेली. मागच्या फळीला एक बूच. मालवणातला जुना तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, हे बघून सरळ विचारील, "ह्या कित्याक रे?"

प्रश्न बरोबरच आहे. त्याच्या होडीत ही सगळी कामं माणसं करत. मचव्याचं किंवा पडावाचं शीड तिरक्या परभाणाला, म्हणजे डोलकाठीवरच्या लांब वाशाला, बांधलेलं असे. वाऱ्याची बाजू बदलायची तर परभाण डोलकाठीच्या पुढून पलीकडे न्यायचं, शिडाचा दोर सोडून दुसऱ्या अंगाला आणायचा. तीन-चार जणांची धांदल. दोराला लाकडी खुंट्यावर दोन वेढे दिले तरी शेवट कुणाच्या तरी मुठीत असे. सुकाणूवर तांडेल, पाणी उपसायला एखादा पोरगा. सकाळी मतलईवर, म्हणजे जमिनीकडून येणाऱ्या वाऱ्यावर, बाहेर पडायचं, दुपारी समुद्राकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यावर परतायचं, आणि होडीत हातांना तोटा नाही.

युरोपातल्या शर्यतीच्या छोट्या बोटींत माणसं दोन, कित्येकदा एकच. जो हात कमी पडला त्याच्या जागी एक खिट्टी आली. कॉकपिटमधलं कुठलंही कोडं सोडवायचं तर मी एवढंच विचारतो: इथे पूर्वी कोण बसलं असतं?

ती दातेरी चाकं म्हणजे कॅम क्लीट. मी तिला अडकित्ता म्हणतो. आत स्प्रिंग असते. दोर ओढला की चाकं उघडतात, सोडला की दात रोवून धरतात. हा झाला मुठीत दोर धरून बसणारा खलाशी. फरक एवढाच, की खऱ्या खलाशाला "सोड" म्हटलं की तो सोडतो. इथे दोर आधी किंचित आपल्याकडे ओढून मग वर झटका द्यावा लागतो. नवखा माणूस घाबरून नुसताच ओढत राहतो आणि दोर आणखी आवळतो. मी स्वतः खाडीच्या तोंडाशी असाच उलटलोय. तेव्हापासून झोताचा वारा असला की मोठ्या शिडाचा दोर मी अडकित्त्यात घालतच नाही, हातात ठेवतो.

पाणी उपसणाऱ्या पोराची जागा तळाच्या झडपेने घेतली. तिचं नाव पॉल एल्व्हस्ट्रॉम या डेन्मार्कच्या खलाशाशी जोडलेलं आहे. १९४८ ते १९६० या काळात सलग चार ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवणारा हा गडी पायपट्ट्यांत पाय अडकवून बाहेर झुकायचा सराव घरी बाकावर करायचा. झडप खाली ढकलली की तिचं तोंड तळाखाली उघडतं. बोट वेगात असेल तर खालून वाहणारं पाणी आतलं पाणी ओढून घेतं. बोट थांबली की काम उलटं, समुद्रच आत येतो. आपल्याकडे तिचा खरा शत्रू वाळू. बोट पुळणीवरून ढकलायची, चार कण फटीत बसतात आणि झडप मिटतच नाही. अनेक मालक ती कायमची लिंपून टाकतात आणि प्लास्टिकचा डबा कापून पाणी उपसतात. मला त्यात काही गैर वाटत नाही.

वाऱ्यावर तोल सांभाळायला बाहेर बसणारी माणसंही कमी झाली. १९३८ मध्ये इंग्लंडमधल्या एका शर्यतीत एका जोडीने डोलकाठीच्या तारेला लटकून हे काम करून दाखवलं, शर्यत जिंकली, आणि लगेच तिथे त्या तारेवर बंदी आली. पुढे ती सर्रास झाली. १९८२ च्या आशियाई स्पर्धेत मुंबईच्या समुद्रात भारताच्या जोडीने फायरबॉल या बोटीत सुवर्ण मिळवलं. तीही तारेला लटकायचीच बोट.

राहिलं बाकातलं भोक. ते सुकाणूवरच्या माणसाचं. १९६० च्या एकट्याने अटलांटिक ओलांडायच्या शर्यतीत वाऱ्याच्या पात्यावर चालणारं सुकाणू गाजलं. मुंबईत सागवानात बांधलेल्या 'सुहैली' या शिडाच्या बोटीवरही तसलं पातं होतं. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा इंग्रज खलाशी १९६८-६९ मध्ये तिच्यातून कुठेही न थांबता एकट्याने जगाला वळसा घालून आला, ३१२ दिवसांत. पातं वाटेतच मोडलं. मग शिडांचा मेळ घालून आणि सुकाणूचा दांडा बांधून त्याने निभावलं, म्हणजे जुन्या तांडेलासारखंच. नंतर सुकाणू आपोआप हलवणारा बॅटरीवरचा दांडा आला. त्याचं एक टोक सुकाणूच्या दांड्यावरच्या खिळीत, दुसरं बाकाच्या या भोकात. बोट दोन-तीन हात फिरून आपल्याकडे येते तोवर यंत्र खाऱ्या हवेने कधीच मेलेलं असतं. भोक तेवढं उरतं. माझ्यात मी गरीची काठी खोचतो.

बूच मात्र कुणाची जागा घेत नाही. जूनमध्ये बोट वर ओढून झापांखाली ठेवली की ते काढायचं, म्हणजे पावसाचं पाणी निघून जातं. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून झाला की उत्साहात बोट पाण्यात ढकलली जाते आणि बूच घरी खुंटीला लटकत असतं. दोन वर्षं हे झाल्यावर आता मी ते काढलं की सुकाणूच्या दांड्यालाच सुतळीने बांधून ठेवतो.